निकालाच्या दिवशीचे डबे

दांडिया बाजारातून माझे बावीस डबे जातात.
त्यातले दोन कारेलीबागेत, एकाच इमारतीत.
पहिला मजला दिघे, तिसरा शिर्के.
घोटाळा नको म्हणून झाकणांवर
नेलपॉलिशने लिहून ठेवलंय : दि. आणि शि.

बुधवारी निकाल होता.
आपला नव्हे, तिकडचा, अमेरिकेच्या अध्यक्षाचा.
तिकडे रात्र, इथे माझी कणीक भिजत होती.
साडेदहाला दिघेकाकांचा फोन :
"मंदाकिनीबाई, आज बासुंदी घाला. पैसे वेगळे लावा."
मागे टीव्हीवर कुणी बाई राज्यांची नावं वाचत होती.
काका मधेच ओरडले, "आलं! मिशिगन आलं!"
जणू सुनेच्या दवाखान्यातून फोन आला.

शिर्केसाहेबांचा डबा संध्याकाळी तसाच परत.
पापडीची भाजी, चार पोळ्या, घडीसुद्धा मोडलेली नाही.
अन्न परत आलं की मला आधी आजारपण आठवतं.
अमेरिका आठवायला जरा वेळ लागला.

अकरा वर्षं दोघं कमाटीबागेत एका बाकावर बसायचे.
चष्मा विसरला तर एक वाचायचा, दुसरा ऐकायचा.
शिर्केवहिनी गेल्या तेव्हा मडक्याच्या मागे पहिला खांदा दिघ्यांचा.
श्रावणापासून त्या बाकाला दोन टोकं फुटली.
एक रस्त्याकडे तोंड करतो, एक झाडांकडे,
मधल्या जागेत बागेतलं लंगडं कुत्रं झोपतं.
आणि लिफ्टमध्ये एक असला
की दुसरा जिना चढतो, तसले गुडघे घेऊन.
कुणासाठी? ज्याला ह्यांनी मत दिलं नाही,
पाडलंही नाही,
ज्याला कारेलीबाग हे गाव की भाजी, ठाऊक नाही.

डबे पोचवणारा हितेश विचारतो, "मासी, जीत्युं कोण?"
मी म्हटलं, तिसऱ्या मजल्यावर बेल हळू वाजव.

खाली नाक्यावर न्हाव्याने पेढे वाटले म्हणे.
शेजारच्या शिंप्याने घेतला नाही,
भाचीचा व्हिसा अडकलाय.
मग कागदात बांधून घेतला, घरी पोरं आहेत.

गुरुवारी वरचा डबा मीच नेला.
साहेबांची दाढी वाढलेली. म्हणाले,
"अन्नाला दोष नाही, बाई."
मी वळले, तर उंबऱ्यातच उभं राहून बोलायला लागले :
"शलाकाने त्यालाच मत दिलंय. माझ्या पोरीने.
मी इथे तीन महिने तिच्या वतीने भांडतोय, माणूस तोडून,
आणि ती हसते फोनवर.
म्हणते, बाबा, तुम्हाला तिथून कळत नाही."
मला काही सुचेना.
डब्याची कडी सरळच होती, तरी सरळ केली.

उतरताना पहिल्या मजल्याचं दार उघडं.
मी म्हटलं, अभिनंदन काका, मुलगा खूश असेल.
"त्याला मत कुठलं," दिघे म्हणाले,
"कागद व्हायचेत अजून. त्याला विचारलं तर म्हणाला,
काल ऑफिसात फार काम होतं."
मग बासुंदीचे पैसे काढले. मोजून, दोन वाट्यांचे.
मी एकच पाठवली होती.
"वर जेवले का?"
मी म्हटलं, तुम्हीच विचारा, दोनच तर मजले आहेत.
त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला,
आणि टीव्हीचा आवाज उगाच वाढवला.

शुक्रवारी शि.च्या डब्यात दुसरी वाटी घातली.
संध्याकाळी चारही पुडं रिकामी,
तळाशी चिठ्ठी, जुन्या सरकारी अक्षरात :
"आमटीत मीठ कमी.
बासुंदी कुणी सांगितली होती?"

मीठ मी शनिवारपासून वाढवलंय.
दुसऱ्या प्रश्नाला अजून उत्तर दिलेलं नाही.